खोलीत अप्पा आहेत का?

दुरुस्तीच्या दुकानाचं एक असतं. लोक आपली वस्तू परत नेतात, पण तिचा किस्सा टेबलावरच ठेवून जातात. माजलगावात माझं विजेच्या सामानाचं दुकान. त्याच्या अर्ध्या भागात सलीमभाई रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. किस्से इतके साचले की शेवटी वायरीच्या बंडलांपेक्षा त्यांनाच जास्त जागा लागायला लागली! त्यातले बरेचसे एकाच खोलीचे आहेत.

गावात नुकतंच केबल आलं होतं, रंगीत टीव्ही आले होते. समोरच्या कापड दुकानाचा मालक बसवराज एकदा रिमोट दुरुस्तीला घेऊन आला आणि तिथंच बसून राहिला.

"सलीमभाई, ह्या टीव्हीला लांबून कळतंय बटन दाबलेलं. मग दिव्याला खोलीत माणूस आलेला काहून कळत न्हाई?"

"कायको चाहिए?"

"अप्पांसाठी."

मन्मथअप्पा म्हणजे बसवराजचे वडील. अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला होता. काठी टेकत ओसरीपर्यंत जायचे-यायचे. त्यांची खोली मातीच्या छताच्या, माळवदाच्या घरातली, मधली, भरदुपारी अंधारी. बटणांचा बोर्ड धान्याच्या कणगीमागं, उंचावर. दिवा लावायचा तर सुनेला, संगीताला, हाक मारावी लागे. आणि स्वतःसाठी हाक मारणं अप्पांनी सोडलंच होतं. ज्यांच्या एका हाकेवर दुकानातले नोकर कापडाची ठाणं उलगडायचे, ते आता अंधारात गप बसून असायचे.

"दिवसभर दिवा चालू ठेवा की," मी म्हणालो.

"ठिवला होता. खोलीत माणूस नसताना दिवा जळाला की अप्पा भडकतात. ओसरीवर जाताना तेवढ्यासाठी संगीताला हाक मारतात. बंद करायला हाक, लावायला न्हाई!"

---

आधी सोपा उपाय केला. वायर खाली आणून अप्पांच्या उशाशी लोंबतं बटण बसवलं. अप्पांनी ते उलटंसुलटं पाहिलं.

"हे दवाखान्यात असतंय. पेशंटच्या उशाला."

"अप्पा, घरातबी असतंय."

"मग ज्याच्या घरात असतंय त्याच्या घरात लावा."

बटण परत आलं. तेव्हा आम्हाला कळलं की दिवा लागणं पुरेसं नाही, तो अप्पांना पेशंट न ठरवता लागला पाहिजे!

---

मग सलीमभाईंनी पत्र्याचे दोन तुकडे, मधे भोकं पाडलेला स्पंज, असं एक जुगाड करून अप्पांच्या सतरंजीखाली घातलं. माणूस बसला की पत्रे टेकणार, दिवा लागणार. चार दिवस झकास चाललं. पाचव्या दिवशी मी गेलो तर अप्पा ओसरीवर आणि आत दिवा लख्ख!

संगीतानं दळणाचं पोतं आणून सतरंजीवर टेकवलं होतं. मी ते उचलायला गेलो.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," अप्पा म्हणाले. "बसलंय बिचारं. पाव्हणं हाय."

---

पुढचा प्रयोग टाळीचा. सुट्या भागांचं पाकीट मागवून सलीमभाईंनी ते दोन रात्री जोडलं. टाळी वाजवली की दिवा लागायचा, परत वाजवली की बंद. सलीमभाईंनी खोलीत उभं राहून टाळी दिली. लागला! बसवराजनं दिली. बंद! संगीतानं दारातून दिली. लागला! आम्ही सगळे खुशीत अप्पांकडं वळलो.

अप्पांचा उजवा हात मांडीवर होता, तसाच.

शेवटी अप्पाच म्हणाले, "सलीम, मशीन एक नंबर हाय. आता टाळीला तेवढा एक माणूस ठिवा."

सलीमभाईंनी त्याच संध्याकाळी सगळे भाग सोडवून पाकिटात परत भरले.

---

त्यानंतर दाराच्या चौकटीत उजेडाचा किरण सोडला. या बाजूला बारीक बल्ब, त्या बाजूला तो ओळखणारा भाग. किरण एकदा तुटला की दिवा लागायचा, दुसऱ्यांदा तुटला की बंद. अप्पा आत गेले, लागला. बाहेर आले, विझला. अप्पा मुद्दाम चार वेळा आत-बाहेर करून आले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

संध्याकाळी बसवराज घाम पुसत दुकानात. "सलीमभाई, काढा ते!"

"क्या हुआ?"

"अप्पा आत बसलेले. संगीता चहा घेऊन गेली की दिवा बंद. कप ठिवून बाहेर आली की दिवा चालू! सून आली की अंधार, गेली की उजेड. आन् माझी बहीण आलीय माहेरी. ती बसून बघतीय!"

---

मग सलीमभाई मुंबईला गेले आणि चोर पकडायच्या अलार्ममधला सेन्सर घेऊन आले. पांढरी डबी, पुढं दुधाळ काच. अंगाची ऊब हललेली त्याला दिसते, असं त्यांनी सांगितलं. दुकानातच, दाराकडं तोंड करून लावून पाहिला. धोंडिबा धनगर बॅटरीचे सेल घ्यायला आला होता. तो गल्ल्याशी येऊन थांबला, बल्ब लागून विझला; मग त्याची शेळी आत आली आणि बल्ब परत लागला.

"ही तर शेळीलाही माणूस समजती," मी नाराजीनं म्हणालो.

धोंडिबा शेळीची शिंगं खाजवत म्हणाला, "जित्ती हाय का एवढंच इचारतंय न्हवं ते? मग बराबर सांगितलं की!"

डबी अप्पांच्या खोलीत बसली. हिवाळाभर तक्रार नाही. अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला ओसरीवरून बोलवून दाखवायचे.

मे महिना आला आणि डबी आंधळी झाली. अप्पांनी काठी हलवली, मान हलवली, दिवा ढिम्म! सलीमभाईंनी बराच वेळ भिंतीला हात लावून पाहिला, मग अप्पांच्या कपाळाला.

"दोनों बराबर गरम है! तो उसको फरक कैसे दिखेगा?"

"म्हंजी उन्हाळ्यात मी न्हाईच म्हना की!" अप्पा म्हणाले.

बसवराजनं खोलीत कुलर बसवला. बाकी जग उकाड्यासाठी कुलर घेत होतं. हा एकच कुलर असा, की जो वडील दिसावेत म्हणून घेतला!

---

श्रावणात वेगळीच भानगड. अप्पा सकाळी लिंगायतांच्या रीतीनं डाव्या तळहातावर इष्टलिंग, म्हणजे गळ्यातलं छोटं शिवलिंग, घेऊन, नजर लावून पूजेला बसायचे. अंग हलेना, तसा थोड्या वेळानं दिवा विझायचा. खोलीत कुणी नाही असं डबीला वाटायचं.

"अप्पा, हात हलवायचा ना जरा," बसवराज म्हणाला.

"तळहातावर लिंग असताना?"

सलीमभाई डबी बदलायला निघाले. मीही दुसरं काही मिळतं का याची चौकशी लावली. अप्पांनीच थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या. मन इकडं-तिकडं गेलं की अंग हलतंय, आन् दिवा ऱ्हातोय. काल विझला न्हाई, काल माझं ध्यान दुकानात होतं. आज विझला. आज पूजा बरी झाली."

ही गोष्ट गल्लीत पसरली. अप्पांच्या वयाचे दोघे-तिघे सकाळी खोलीत येऊन बसायला लागले. एक जण डास मारायचा, एकाला खोकला. दिवा काही विझायचा नाही. बाहेर येऊन सगळे डबीलाच नावं ठेवायचे.

---

आणि एक दिवस बसवराजच्या घरी स्वामी आले. त्यांच्या घराण्याचे गुरू, वयानं अप्पांहून मोठे. दिव्याची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती.

"बघू तर," म्हणाले, आणि अप्पांच्या शेजारी मांडी घालून बसले. कुलर बंद केला, हवेला गारवा होताच. आम्ही सगळे दाराबाहेर श्वास रोखून. बसवराज, सलीमभाई, मी, गल्लीतली माणसं.

स्वामींनी डोळे मिटले. थोडा वेळ गेला. दिवा चालू. अजून थोडा गेला. दिवा चालूच. स्वामींचा गुडघा हलत होता, वयामुळं असेल. गर्दीत मागं कुणीतरी हसू दाबलं. बसवराज घामाघूम झाला. आत जाऊन बटण बंद करावं, तर कणगीपर्यंत सगळ्यांदेखत चालत जायचं!

तेवढ्यात आतून हाक आली. खणखणीत, पूर्वी दुकानाच्या गादीवरून यायची तशी.

"संगीता! ए संगीता! स्वामींना पानी आन गं!"

बसवराजनं चमकून माझ्याकडं पाहिलं. संगीता चुलीपासून धावत आली, तिच्या हातात तांब्या हिंदकळत होता. तिनं तांब्या ठेवला. अप्पांनी मान न वळवता नुसत्या भुवईनं कणगीकडं खूण केली. जाता जाता कणगीमागं तिनं पदर सावरावा तसा हात वर नेला.

खोलीत काळोख झाला.

स्वामी डोळे मिटूनच होते. "मन्मथा," त्यांनी हळूच विचारलं, "दिवा गेला का?"

"गेला, स्वामी," अप्पा म्हणाले. "कवाच गेला!"