वडील दोघांचेही

धाकट्या बहिणीचं बाळंतपण झालं आणि तिला मरणाचे विचार येऊ लागले. तिनं लपवलं नाही. आईजवळ रडली, मला म्हणाली, "दादा, मला माझीच भीती वाटतेय." मी कोल्ड स्टोरेजमधल्या कामावरून सुट्टी काढली, बाळाला आईजवळ ठेवलं आणि पिंपळगावहून तिला नाशिकला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं.

दवाखान्यात मला एका जागी बसवेना. पाणी पिऊन आलो, गाडी नीट लावलीय का बघून आलो, परत पाणी प्यायलो.

डॉक्टरबाई शांत होत्या. बाळंतपणानंतर हार्मोन्स एकदम उतरतात, झोप मोडते, त्यानं मन कसं खचतं ते त्यांनी समजावलं. मग विचारलं, "घरात आधी कुणी जिवाचं काही बरंवाईट केलंय?"

मी नाही म्हणायच्या आत बहीण म्हणाली, "आमच्या वडिलांनी. आत्महत्या." घरात आम्ही इतकी वर्षं त्याला अपघातच म्हणत आलो होतो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्हाला झोप लागते?"

"मी तिला घेऊन आलोय."

"ते दिसतंय. पण वडील दोघांचेही ना? हा धोका काही अंशी रक्तातून येतो. म्हणजे तसंच घडतं असं नाही. बायका बोलतात, प्रयत्नही त्याच जास्त करतात. जीव मात्र पुरुषांचे जास्त जातात. त्यात शरीराचा भाग असेल, पण गप्प राहण्याचाही मोठा आहे."

"मी ठीक आहे," म्हणून मी उठलोच.

परत येताना ओझरच्या पुढे बहीण म्हणाली, "गाडी बाजूला घे." घेतली. शेजारून ट्रक धडधडत जात होते.

"दादा, तुला मरावंसं वाटतं का?"

इतकं सरळ मला कुणीच विचारलं नव्हतं. "कधीकधी," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"बाबा गेले त्या वयाला आलो तेव्हापासून."

ती रडली नाही. "गाडी फिरव," म्हणाली. बाई अजून दवाखान्यातच होत्या.

आता दोघांचेही उपचार चालू आहेत. ती बरीच सावरली, मला वेळ लागतोय. आईला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझे वडील जायच्या आधी लय दिवस अंगणात येरझाऱ्या घालायचे. उकडत असंल, असं वाटलं मला."

हल्ली आई मला रोज विचारते, "आज कसं वाटतंय?" मी वैतागतो. पण उत्तर देतो.