मामांना दिलेले पत्रे

मामा आमच्या वर्कशॉपमधले मेंटेनन्सचे हेल्पर. मामा सगळ्यांचेच. पनवेलच्या आमच्या शेडवर जुने सिमेंटचे पत्रे होते आणि दर पावसाळ्याआधी फुटके बदलायला मामाच वर चढायचे. मी सुपरवायझर, म्हणजे ओरडणारा.

शेडवरून उतरलेलं सामान निवृत्त होणाऱ्याला द्यायचं, ही आमच्याकडची रीतच. शाल-नारळ काय, कोणीही देतं. मामांना मी बारा धड पत्रे दिले, वर त्यांच्या गावापर्यंत, गव्हाणपर्यंत, कंपनीचा टेम्पो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला माझं काय जात होतं? पण मामांचे डोळे भरून आले आणि मी दोन दिवस स्वतःवरच खूश होतो.

पुढच्या वर्षी सेफ्टीचं ट्रेनिंग झालं. मी मागे पेंगत बसलो होतो. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमच्या शेडवरचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे आहेत. धड आहेत तोवर उगाच हात लावू नका. कापले, घासले की न दिसणारे तंतू उडतात, छातीत जातात आणि त्रास कित्येक वर्षांनी कळतो. माझी झोप उडाली. चहाही न घेता मी गव्हाण गाठलं.

मामांनी पत्रे करवतीने मापात कापून शेळ्यांसाठी बुटका गोठा केला होता. त्याच्यावर मामी जवळा सुकवायच्या. त्याआधी तारेच्या ब्रशने पत्रा खसाखसा घासायच्या. मी पोचलो तेव्हा ब्रश त्यांच्या हातातच होता. मी ओरडलो. त्या इतक्या दचकल्या की मला लाज वाटली. मग दोघांना बसवून सगळं सांगितलं.

मामा हसले. "तुमीच दिले ना, साहेब? मंग ते वाईट कशे असतील?"

कुणी आपल्यावर इतका भरवसा ठेवू नये. मला खरंच रडू आलं.

मालकांशी भांडून मी या कामातली माणसं आणवली. त्यांनी पत्रे पाण्याने भिजवून, न फोडता उतरवले आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेले. गोठ्यावर लोखंडी पत्रे मी घालून दिले. मग धीर करून मामांना म्हटलं, "उद्या पनवेलला छातीचा फोटो काढून येऊ."

मामांनी मान वर करून नव्या पत्र्यांकडे पाहिलं. इतकी वर्षं शेडवर चढून काय केलं, ते त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"येतो," ते म्हणाले. "पन साहेब, मी वर भोकं पाडायचो, तवा भुसा खाली पडायचा. खाली शिडी धरून तुमीच असायचात. आदी तुमचा फोटो काडू."