अळणी अळू

मी बायोलॉजी शिकते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मीच पहिली. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता... आता आहे, असंही म्हणवत नाही. झालं ते तसंच लिहिते.

आम्ही अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला राहतो. बाबा इथल्या एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये कुक होते. पोटातला कॅन्सर लिव्हरपर्यंत पसरल्यावर त्यांना एका ट्रायलमध्ये घेतलं — दोन केमो एकत्र देऊन गाठी कमी होतात का, ते बघायचं होतं. पण तोंडाची चव पार गेली. काहीही खाल्लं तरी लोखंड चाटल्यासारखं. "गाठींचं डॉक्टर बघतील," ते म्हणायचे, "मला एकदा तुझ्या आईच्या हातचं लागू दे."

त्या गुरुवारी दुपारी ह्यूस्टनला हॉस्पिटलमध्ये बाबांना ड्रिप लावलेली होती. मी शेजारी बसून मिडटर्मचा अभ्यास करत होते. बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "अळू अळणी झालंय गं. आईला सांग."

झोपेत बोलत असतील... तरी मी फोन केला.

"आई, आज काय केलंयस?"

"अळूची भाजी. तुम्ही गेल्यावर शेजारच्या काकूंनी बॅकयार्डमधली पानं आणून दिली. का गं?"

"बाबा म्हणतात, अळणी झालीये."

"तिथं बसून त्यांना काय कळतंय? नैवेद्य दाखवायचाय अजून. मीसुद्धा चाखली नाहीये."

थोड्या वेळानं तिचाच फोन आला. "मीठ राहिलंय गं," एवढंच म्हणाली.

घरी येऊन बाबांनी ती भाजी खाल्ली. मीठ घालून, चिंच वाढवून... लोखंडच. "तिथं चव लागत होती," ते म्हणाले.

नर्सचं म्हणणं, केमोमध्ये असे भास होतात. होत असतील.

पुढच्या केमोला बाबा माझ्याआधी तयार होऊन बसले. "आज काय करणारेस?"

"सांगणार नाही," आई म्हणाली. "तुम्हीच सांगा."

ड्रिप संपेपर्यंत ते डोळे मिटून बसून होते. मधूनच जीभ टाळ्याला लावायचे. शेवटी मला फोन लावायला सांगितला. म्हणाले, "आज मीठ अगदी बरोबर पडलंय."

"हो," आई म्हणाली. "बरोबर ओळखलंत."

घरी आल्यावर मी भाजी खाल्ली. तिनं मुद्दामच मीठ घातलं नव्हतं.

पुढं स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या दिसल्या, ट्रायल थांबवली, आणि बाबा गेले. त्या दुसऱ्या वेळचं मला समजतं. पहिल्या वेळचं अजूनही नाही.