उजेडाकडे पाठ फिरवलेला वेल

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नव्हे. उलट लोकांना घाबरवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पोफळीच्या पॉवरहाऊस कॉलनीत असताना पांढरी चादर पांघरून शेजारणींना किंचाळायला लावलंय मी... त्यामुळे या ग्रुपवरचे सगळ्यांचे भुताटकीचे अनुभव मी चहा पीत, हसत हसत वाचते. आज हसायची पाळी तुमची. हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

आम्ही रत्नागिरीत राहतो, नाचणे रोडला, दुसऱ्या मजल्यावर. हॉलला पश्चिमेची एकच मोठी खिडकी. खिडकीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला एक खोली, डाव्या हाताला एक. दोन्ही अंधाऱ्या, कारण दोन्हीकडे शेजारच्या बिल्डिंगांच्या भिंती.

हे — म्हणजे आमचे मिस्टर — पोफळीच्या पॉवरहाऊसमधून रिटायर झाले आणि आम्ही इथे आलो. तेव्हाची मी म्हणजे साठीकडे झुकलेली अल्लड पोर! मोबाईलवर व्हिडिओ बघून घरात बाग करायचं खूळ डोक्यात घेतलं. हॉलमध्ये मनी प्लांट लावला. आणि शहाणी इतकी, की माडाच्या मुळात ओततो तसं बांगडे धुतलेलं पाणी त्या कुंडीत ओतलं. हॉलमध्ये. पंख्याखाली. नेमकी त्याच दिवशी ह्यांच्या जुन्या साहेबांची बायको भेटायला आली. बाई नाकाला पदर लावून दारातच थांबली, आणि मी तिला म्हणतेय, "या ना, बसा, हवा छान खेळती आहे."

वेल मात्र माजला. मग मी बाजारातून तंगूस आणला, म्हणजे गळाला लावतात ती नायलॉनची दोरी, आणि खिडकीच्या गजापासून हॉलभर ताणला. वेलाच्या पेरापेराला बारीक मुळं फुटतात, तिथे सैल गाठ मारायची, शेंड्याला वाट दाखवायची, पानं ओल्या फडक्याने पुसायची. ह्यांच्या टकलाला पान लागलं की ठरलेलं वाक्य — "अगो, ही काय उघडी वायरिंग केलीयस? शॉक बसेल एखाद्याला!"

मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हॉस्पिटलातून घरी आले ते वाचा गमावूनच. उजवीकडच्या खोलीत पलंग टाकला. डोळे उघडे, पेज भरवली की गिळतात, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, "आजी, समज राहिलेली दिसत नाही." मुलगा मुंबईला असतो. तो म्हणाला, "आई, इकडे अशा पेशंटांसाठी चांगलं केंद्र आहे. बाबांना काही कळतच नसेल तर त्यांना घर काय नि केंद्र काय? तू एकटी किती करणार?"

"कळतं त्यांना," मी म्हटलं.

"कशावरून?"

कशावरून, ते मला सांगता येईना.

त्याच दिवसांत वेलाने खिडकीकडे पाठ केली.

झाड उजेडाकडे जातं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझा वेल उजवीकडच्या अंधाऱ्या खोलीकडे निघाला. मी शेंडा वळवून खिडकीकडे बांधला, तर थोड्या दिवसांत गाठीतून सुटून पुन्हा खोलीकडे. पानंसुद्धा तिकडेच तोंड करून... उजेडाला पानांची पाठ!

माझी नात प्राची दापोलीला शेतकीच्या कॉलेजात शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिला दाखवलं. "आजी, काही वेली सावलीकडेच जातात," ती म्हणाली. "रानात काळी सावली म्हणजे झाडाचं खोड, चढायला आधार. पुस्तकात आहे हे." मला हायसं वाटलं. आणि थोडं वाईटही. वेल ह्यांच्याकडेच निघालाय, असं मनात धरून बसले होते ना मी!

पावसात उजवीकडच्या भिंतीला ओल धरली. प्राची, मी आणि शेजारच्या सुलभावहिनी, तिघींनी मिळून ह्यांना डावीकडच्या खोलीत हलवलं. उजवीकडची खोली रिकामी, पण तितकीच अंधारी. शेंडा तिच्या चौकटीपर्यंत पोचला होता. तो तिथून मागे वळला... आणि अख्खा हॉल ओलांडून डावीकडे निघाला.

प्राची कॉलेजला परत गेली होती. तिला फोटो पाठवला. लगेच फोन. "आजी, तूच वळवलास ना? तुझी गंमत मला नको सांगू." जन्मभर थट्टा केली त्याचं हे फळ!

"नाही गो, मी हात लावला नाही."

"शपथ?"

"आजोबांची शपथ."

ती म्हणाली, "मग मला माहीत नाही, आजी."

सुलभावहिनी गावाकडच्या. त्या म्हणाल्या, "वयनी, काप गो तो वेल. मानसाच्या मागावर जाणारा झाड बरा नसता. न्यायला आलाय तो." मी हसले खरी, पण कात्री आणली. तर त्यांनीच माझं मनगट धरलं. "आता नको! दिवे लागले ना? तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये, झोपलेला असता."

"न्यायला आलेल्याची झोपमोड नको, होय?" मी विचारलं. त्या चिडून घरी गेल्या. कात्री टेबलावर राहिली.

सकाळी पेज घेऊन गेले तर शेंडा दाराच्या आत आलेला. "आली बघा तुमच्यापर्यंत वायरिंग," मी म्हटलं. ह्यांच्या ओठाचा कोपरा हलला. टोमणा मारायच्या आधी हलायचा, अगदी तसा. डॉक्टर म्हणतील स्नायू आपोआप हलतात. म्हणू देत. मी मुलाला फोन लावला. "बाबा कुठेही जाणार नाहीत. कळतं त्यांना."

"कशावरून, आई?"

"आहे माझ्याकडे साक्षीदार."

म्हातारीला वेड लागलं, असंच वाटलं असणार त्याला. पण दर रविवारी तो विचारायचा आणि मी तेच सांगायची.

मग तंगूस मीच आत नेला, पलंगाच्या वरपर्यंत. वेल ह्यांच्या उशाशी आला आणि तिथेच रेंगाळला. नवं पान उलगडायचं ते ह्यांच्या चेहऱ्याकडे तोंड करून. भरवताना मी बडबडायची — बांगडा किती महागला, कॉलनीतलं कोण गेलं, कुणाच्या सुनेने काय केलं. खरं सांगते, ते दिवस वाईट नव्हते.

यंदा गणपती झाल्यावर एका सकाळी फडकं घेऊन पानं पुसायला गेले, तर शेंडा दाराकडे वळलेला. माझाच धक्का लागला असेल म्हणून परत उशाशी बांधला. सुटला. पुन्हा बांधला. पुन्हा सुटला. बांधता बांधता एक पेर माझ्या हातात मोडलं, तेव्हा मी थांबले. एकेक करत पानं फिरली. खोलीबाहेर, हॉलमधून, सरळ खिडकीकडे. कुठल्याही शहाण्या झाडासारखा गेला तो. पाणी तेच, कुंडी तीच, पलंगही जागचा हललेला नाही.

हे तसेच आहेत. श्वास चालू आहे, पेज गिळतात. डॉक्टर तपासून म्हणाले, "काही बदल नाही, आजी." मी ओठाच्या कोपऱ्याकडे बघत बसते. टोमणे मारून बघितले. सासूबाईंना नावं ठेवून बघितली, ज्यावर हा माणूस ताटावरून उठायचा. काही नाही.

प्राची म्हणते, "वेल उजेडाकडे गेला यात नवल काय?" बरोबर आहे. नवल होतं ते आधीचं, आणि त्याचं उत्तर तिच्याकडेही नाही, माझ्याकडेही नाही. तुमच्यापैकी कुणी म्हणेल की आजी, साधा वेल तो, त्याला काय कळतंय... म्हणा. पण मग दोन्ही वेळेला म्हणा, ह्यांच्याकडे आला तेव्हाही आणि ह्यांना सोडून गेला तेव्हाही. सोयीने एकदाच नको. मला तर कुठल्याच वेळेला म्हणता येत नाही.

परवाच्या रविवारी मुलाचा फोन आला. "आई, बाबांना कळतं ना अजून?"

खिडकीत नवी पानं उन्हाने चकाकत होती. मी "हो" म्हटलं, फोन ठेवला, आणि पेज गार व्हायच्या आधी भरवायला गेले.