एक घर, तीन राज्यं

आमच्या शेजारच्या काकांइतकी राज्यं घरबसल्या बदललेला माणूस अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या पार्सिपनीत सापडणार नाही. माझ्या मैत्रिणीचे हे वडील ऐन तारुण्यात नायजेरियात, गोंबे नावाच्या गावी भूगोल शिकवायला गेले आणि निवृत्तीपर्यंत एकाच घरात राहिले. घर जागचं हललं नाही, पण ते तीन राज्यांत नांदलं. लष्कराची सत्ता असली की एखादा जनरल सकाळी रेडिओवर यायचा आणि देशाची आणखी वाटणी जाहीर करायचा. चर्चा नाही, मतदान नाही. शेकडो भाषांच्या देशात लहान समाजांना आपलं राज्य हवं, हे काकांनाही पटायचं. "पण एकाला वेगळी चूल दिली, की उरलेल्यांतही कोणीतरी सर्वांत लहान ठरतोच," असं ते म्हणतात. दर घोषणेनंतर स्टाफरूममधले कितीतरी शिक्षक सामान बांधून 'आपल्या' राज्यात निघून जायचे. काकांना मात्र कोणी हलवलं नाही, कारण ते सगळ्याच राज्यांत सारखेच परके होते. हे ते फार अभिमानाने सांगतात.

वाटण्यांची धास्ती मात्र त्यांच्या मनातून अजून गेलेली नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात नागपूरकरांनी आपल्या झणझणीत रश्श्यासाठी वेगळं टेबल मागितलं, तर काका ताडकन उभे राहिले. "आज नागपूरला टेबल द्याल, उद्या वर्धा मागेल!" हॉलमध्ये वर्ध्याचे एकच गृहस्थ होते. त्यांनी खरोखरच हात वर केला.

गेल्या महिन्यात मैत्रीण काकांच्या ग्रीन कार्डाचा फॉर्म भरत होती. मी सोबतीला होते. लग्न कुठे संपुष्टात आलं, असा त्यात एक प्रश्न होता: गाव, राज्य, देश. काकू गोंबेलाच वारल्या. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची नवी प्रत आली होती आणि तिच्यावर राज्यही 'गोंबे' असंच होतं. काकांनी मात्र तिथलं आधीचं राज्य लिहिलं, बाउची.

"बाबा, प्लीज! डॉक्युमेंट्स मॅच झाली नाहीत तर केस अडकेल. मग पुण्याला परत जाऊन एकटे राहाल का?"

"अगं, ती गेली तेव्हा गोंबे राज्य नव्हतंच. सहा महिन्यांनी झालं. त्या राज्यात मी एकटाच राहिलो. ती तिथे कधी नव्हतीच."

इतकी वर्षं आपण यांच्या राज्यांवर हसत आलो, याची मला लाज वाटली. मग काकांनी लेकीकडून फॉर्मचं कोरं पान मागून घेतलं आणि मास्तरी वळणाच्या अक्षरात 'गोंबे' लिहिलं.

"चला," ते म्हणाले, "निदान कागदावर तरी सोबतीला आली."