दुर्बीण बसविण्यात आली

मी गुरांचा डॉक्टर. बेशुद्धीच्या औषधाची सुई मारायची बंदूक आमच्या पथकात आली, तेव्हा औषध माझं आणि नेम वनरक्षक बाईंचा, अशी वाटणी झाली. बाई म्हणजे तिशीही न गाठलेली मुलगी, पुसेगावकडच्या एका तांड्यावरची. हात दगडासारखा स्थिर. मी तिला अगंतुगं करायचो, ती मला सर म्हणायची.

बंदुकीवर दुर्बीण मी बसवली. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण यंत्र दिसलं की माझे हात शिवशिवतात आणि दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नाही, ही जुनी खोड. बंदुकीवरच्या कड्यांत दुर्बीण ठेवली, एका बाजूचे स्क्रू गच्च आवळले, मग दुसऱ्या बाजूचे. असं आवळलं की दुर्बीण कडीत थोडी फिरते, हे मला ठाऊक नव्हतं. ऑफिसमागच्या भिंतीवर कागद लावून वीस पावलांवरून मारलं. सुई डावीकडं गेली. दुर्बिणीवरची चकती फिरवत फिरवत मी ती मधोमध आणली आणि हात झटकले.

तिनं डोळा लावला. "सर, नेम धरायची आतली फुली कलून राहिली."

"फुली नाही, तुझी मान कलली आहे. मान सरळ धर," मी म्हणालो. ड्रायव्हर हसला, मीही हसलो.

आठवड्याभरात तिच्याच तांड्यावरून बोलावणं आलं. एक लाल तोंडाचं माकड माणसांना चावत होतं. आम्ही पोचलो तेव्हा ते पत्र्याच्या छपरावर बसलं होतं, चाळीसेक पावलांवर. अख्खा तांडा गोळा झालेला. तिचा बाप सगळ्यात पुढं उभा होता, लेकीचा नेम बघायला. ती माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "सर, मला थोडं जवळ जाऊ द्या. इतक्या लांबून हे बराबर जाणार न्हाई."

"मार," मी म्हणालो.

सुई मांडीच्या चार बोटं बाजूनं गेली. माकड बिथरलं, खाली झेपावलं आणि ओट्यावर बसलेल्या तिच्या चुलतीच्या दंडाला कडकडून चावलं. चुलती किंचाळली, रक्त आलं, सगळा तांडा आमच्यावर धावून आला. मला घाबरायला झालं होतं. घाबरलो की मी ओरडतो. "एवढं ढळढळीत जनावर दिसत नाही तुला? किती वेळा सांगितलं, मान सरळ धर!" तिचा बाप जमिनीकडं बघत राहिला.

मी अहवालात लिहिलं, 'वनरक्षक यांनी नेम चुकविला.' तिला पथकातून काढून रोपवाटिकेत पाठवलं, पिशव्यांत माती भरायला.

तिच्या जागी आलेला माणूस पक्का नेमबाज. सरावात चाळीस पावलांवर त्याची सुईही तेवढीच, त्याच बाजूला गेली. कुंपणाच्या भिंतीवर गवंडी काम करत होते. त्यांच्याकडून लेव्हल आणि ओळंबा मागून आणला. बंदूक पोत्यांवर ठेवून लेव्हलनं सपाट केली, समोरच्या लिंबाला ओळंबा टांगला आणि दुर्बिणीतून बघितलं. दोरी सरळ होती. फुलीची उभी रेघ तिला छेदून जात होती, बाराला एक मिनिट कमी असताना काटा असतो तेवढी. वीस पावलांवर चकती फिरवून मी तो दोष नुसता झाकला होता. त्याहून लांब गेलं की तो वाढतच होता.

स्क्रू ढिले केले, दुर्बीण फिरवून रेघ दोरीवर आणली, मग इकडचा थोडा, तिकडचा थोडा असे आवळत गेलो. अर्ध्या तासाचं काम. चाळीस पावलांवर सुई बरोबर मधे लागली आणि मला स्वतःची किळस आली.

दुसरा अहवाल लिहिला, 'दुर्बीण तिरकी बसविण्यात आली होती, असे आढळून आले.' तो घेऊन रोपवाटिकेत गेलो. तिनं चिखलाचे हात ओढणीला पुसले, कागद वाचला.

"बसविण्यात आली," ती म्हणाली. "कुणी, सर?"

वीस वर्षं मी हीच भाषा लिहीत आलोय, पण तिनं विचारेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या अहवालांत तिची चूक तिनं केली होती. माझी मात्र आपोआप झाली होती. मी तिथंच, मातीच्या ढिगाशेजारी उकिडवं बसून, खाली लिहिलं, 'दुर्बीण मी बसवली. त्यांनी सांगितले होते, मी ऐकले नाही.' अक्षर वेडंवाकडं आलं.

तिनं तेही वाचलं. "ऑफिसातलं झालं," ती म्हणाली. "पण तांड्यावर कागद कोण वाचून राहिलं? तिथं तुमी तोंडानं बोलले व्हते, समद्यांसमोर."

"येतो," मी म्हणालो. "नक्की येतो."

त्या कागदावर ती पथकात परत आली. या गोष्टीला दोन वर्षं झाली. पुसेगावच्या रस्त्यानं आमची गाडी महिन्यातून दोनदा तरी जाते. तांड्याचा फाटा येतो, मी मोबाईलमध्ये तोंड खुपसतो, ड्रायव्हर गाडी दामटतो. मागच्या सीटवर, बंदूक मांडीवर आडवी घेऊन, ती बसलेली असते.