रिलीजचे लाडू

मला बेसबॉल कळत नाही, हे आधीच सांगते. अख्खा उन्हाळा त्या मैदानावर बसले, तरी कळला नाही. पण तिथे जे पाहिलं ते बेसबॉल न कळताही कळण्यासारखं होतं, म्हणून लिहिते.

माझी नात एका संघात नोकरी करते. खेळाडू बघायचे, कॅमेऱ्याने टिपायचे, आणि कोण पुढे जाईल, कोण जाणार नाही ते वरच्या साहेबांना लिहून पाठवायचं, हे तिचं काम. असं काम असतं आणि त्याचा पगार मिळतो हे ऐकून मी आधी तिच्या बापाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तो स्वतः कॉम्प्युटरवर काय करतो तेही मला कधी कळलं नाही, तेव्हा त्याच्या मान हलवण्याला फारसा अर्थ नव्हता.

तिचा संघ लहान. मोठ्या शहरात एक मोठा संघ असतो, त्याच्या हाताखालचा हा. इथे पोरं पिकायला ठेवतात. पिकली की वर नेतात. न पिकलेल्यांचं काय करतात, ते मी तेव्हा विचारलं नाही.

अमेरिकेत, श्रूजबरीला मी मुलाकडे राहते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले. मोडलं काही नाही, पण सुनेने ठरवलं की यांना दिवसभर एकटं ठेवायचं नाही. ती हॉस्पिटलात, मुलगा ऑफिसात. नात म्हणाली, मी नेते आजीला, मॅचच्या आधी दुपारी मैदान रिकामंच असतं, सावलीत बसेल. माझं मत कोणी विचारलं नाही. म्हातारं माणूस आणि भाजीची पिशवी, दोन्ही न विचारता उचलतात.

पहिल्या दिवशी गेटवरच्या माणसाने माझी पिशवी तपासली. आत मोड आलेले वाल होते, सोलायला आणलेले. त्याने एक वाल उचलून उजेडात धरला. नातीने त्याला काहीतरी समजावलं आणि तो हसला. पुढे मी दिसले की तो बोटांनी सोलायची खूण करायचा.

आत गेले आणि थक्क झाले. धडधाकट पोरं भर उन्हात चेंडू उचलतायत आणि फेकतायत. एकाला फक्त पाणी द्यायला ठेवलेलं. दुसरा नुसता त्यांचे खांदे चोळत होता. एवढी मोठी माणसं, एवढं हिरवं गवत, आणि सगळ्यांची तोंडं अशी गंभीर की जणू आत ऑपरेशन चाललंय.

त्यांच्यात तो होता. तेवीस वर्षांचा, कुठल्याशा बेटावरून आलेला, स्पॅनिश बोलणारा. इंग्रजी त्याला माझ्याइतकंच यायचं. त्याची जागा मैदानाच्या मधली. समोरच्याने मारलेला चेंडू जमिनीवरून सरपटत येतो, तो वाकून उचलायचा आणि लांब उभ्या असलेल्या माणसाकडे फेकायचा. ऐकायला सोपं आहे. पण चेंडू दगडासारखा कडक, आणि येतो तो सापासारखा.

वाल सोलता सोलता मी त्याच्याकडे बघत बसायचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती नागपूरला संत्र्याच्या बाजारात फळं निवडायच्या कामाला बसायला. माणसाचा चेहरा बघायच्या आधी हात बघायची खोड तिथूनच लागली. याचे हात मऊ होते. चेंडू आला की हात जरा मागे घ्यायचा, वरून टाकलेलं फळ झेलावं तसे. आवाजसुद्धा व्हायचा नाही.

एकदा नातीचा डबा तिच्या ऑफिसात नेऊन देत होते. ऑफिसच्या फ्रिजमधून कोणी उचलू नये म्हणून तिने डब्यावर इंग्रजीत ‘आजी’ लिहून चिकटवलेलं. तो पोरगा दारात उभा होता. त्याने ते वाचलं, ‘आही’, आणि हसत सुटला. नातीने कामापुरत्या स्पॅनिशमध्ये विचारल्यावर कळलं की त्यांच्या भाषेत इंग्रजी ‘जे’ अक्षराचा उच्चार ‘ह’ होतो, आणि आही म्हणजे मिरची. तेव्हापासून जाता-येता हाक मारायचा, ‘ओला, आही.’ ओला म्हणजे त्यांचा नमस्कार. घरी सांगितलं तर सून म्हणाली, बरोबर ओळखलं त्याने. सून बोलते कमी, पण बोलली की लागतं.

मिरची म्हणतो तर म्हटलं खाऊन बघ, आणि एक दिवस त्याला पोळीत ठेचा गुंडाळून दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण संपवला. मग मी रोजच काहीतरी न्यायला लागले. नातीने पाहिलं आणि गाडीत बसल्यावर विषय काढला.

“आजी, त्याला फीड नको करूस.”

“का? कुत्रं आहे का ते?”

“मी त्याला इव्हॅल्युएट करतेय. इट्स नॉट ओके.”

“माझी पोळी खाऊन तो चेंडू पकडायचा विसरणार आहे का?”

“तो नाही. मी विसरेन.”

मला ते बोलणं तेव्हा कोडगं वाटलं. पोळीने कोणाची नोकरी बिघडते? मी देत राहिले, फक्त ती दिसत नसताना.

एका दुपारी पाऊस लागला आणि मला तिच्या खोलीत बसावं लागलं. तिच्या पडद्यावर तोच होता. नुसता खेळ नाही, सगळा तोच. वजन किती, झोप किती, डोळा किती लवकर चेंडू ओळखतो, पहिलं पाऊल कधी उचलतो. आईची उंची, बापाची उंची. आमच्याकडे मुलगी बघायला येणारे लोक निर्लज्ज असत, पण त्यांनीही मुलीची झोप विचारली नव्हती. मी म्हटलं, हे त्याला माहीत आहे का? ती म्हणाली, माहीत आहे, सगळ्यांचंच असतं.

“मग काय म्हणतं तुझं मशीन?”

“हँड्स बेस्ट आहेत. पण फर्स्ट स्टेप स्लो आहे, बॅट लेट येते. त्याचं सीलिंग लो आहे, आजी.”

सीलिंग हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक. मोठ्या मालकांची जास्तीची जमीन सरकारने काढून घ्यायची आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना वाटायची, त्या कायद्याला आमच्या वस्तीत सीलिंग म्हणत. माझा बाप मरेपर्यंत म्हणत होता, सीलिंगची जमीन मिळणार. मिळाली नाही ती गोष्ट वेगळी. तर मी नातीला म्हटलं, कमी का होईना, मिळतंय ना त्याला? मग तिने बोट वर करून खोलीचं छत दाखवलं. याच्यावर तो जाणार नाही असं आम्हाला वाटतं, त्याला सीलिंग म्हणतात.

“तेवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तुम्ही आजच छत घातलं?”

“घालत नाही, आजी. मोजतो.”

मी तिला सांगितलं, तुझं मोजणं तुझ्यापाशी ठेव, हा पोरगा वर जाणार. ती म्हणाली, तुझा डेटा काय? मी म्हटलं, हात. ती म्हणाली, हात मीही लिहिलेत.

उन्हाळा उतरायला लागला होता. एका रात्री जेवताना ती बापाशी इंग्रजीत बोलत होती. मधेच मी त्या पोराचं नाव ऐकलं आणि त्याच्यामागे एक शब्द ऐकला. उद्या त्याला रिलीज करणार.

आता हा शब्द मला कोणाला विचारायची गरज नव्हती. माझा नवरा नागपूरला टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडायचा. शुक्रवारी पिक्चर रिलीज झाला की आमच्या घरी सण. हाउसफुल्लची पाटी लागली तर मालक दारावरच्या लोकांना काहीतरी देई आणि त्या दिवशी मटण शिजे. इतके दिवस डब्यात बंद असलेला पिक्चर लोकांपुढे आला, म्हणजे रिलीज झाला. पोरांना हा शब्द आई-बाबाच्या पाठोपाठ आला असेल.

नात जेवण चिवडत होती. मी जिंकले, ती हरली, म्हणून तोंड पाडून बसली आहे असं मला वाटलं. मी वर टोमणाही मारला, मशीनला विचार भूक का नाही ते. मुलाने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. मी कढी वाढून घेतली.

सकाळी उठून बेसन भाजलं आणि लाडू वळले. त्याच डब्यात भरले, आजीच्या चिठ्ठीच्या. गाडीत नात सबंध वेळ फोनवर होती. तिने डब्याकडे पाहिलं, पण रोज डबा असतोच.

मी नेहमीच्या जागी बसले. बऱ्याच वेळाने तो बाजूच्या दारातून आला, साध्या कपड्यांत, दोन मोठ्या बॅगा आणि पट्ट्याने बांधलेल्या बॅटी घेऊन. मोठ्या शहराला निघाला, असं मी समजले. उठले, डबा उघडून पुढे केला आणि सकाळपासून घोकलेलं इंग्रजी बोलले.

“काँग्रॅच्युलेशन्स. रिलीज. व्हेरी गुड.”

तो थांबला. माझ्याकडे बघितलं, लाडवांकडे बघितलं, मग मैदानाकडे. तिथे बाकीची पोरं चेंडू फेकत होती. त्याची नजर पुन्हा माझ्या चेहऱ्यावर आली आणि काहीतरी शोधायला लागली. मिरचीने मिरचीसारखं काही केलंय का, टोमणा मारतेय का, हे तो शोधत होता. ते तिथे नव्हतं. तेव्हा त्याने बॅगा खाली ठेवल्या, एक हात जमिनीला समांतर धरला आणि सपकन बाजूला नेला.

“नो मोर, आही. गो होम.”

माझा हात तसाच पुढे. मागे घ्यावा हेही सुचलं नाही. आयुष्यात मी बरीच वाईट बातमी ऐकली आहे, पण वाईट बातमीचे पेढे वाटायला मी कधी गेले नव्हते.

त्याने एक लाडू उचलला आणि खाल्ला. उभ्या उभ्या, पूर्ण. बेसन घशाला चिकटतं, पाणी जवळ नव्हतं, तरी खाल्ला. मग दुसरा घेतला. तो खात असताना नात बाहेर आली. तिने डबा पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. त्याने बेसनाचा हात पँटला पुसून तिच्यापुढे केला. तिने तो हातात घेतला. त्याने काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, त्याने मान हलवली. मी झाकण लावून अख्खा डबाच त्याच्या बॅगेवर ठेवला. तो नागपूरहून आणलेला स्टीलचा डबा होता. असू दे.

परत येताना मी विचारलं, काय विचारत होता.

“विचारलं, माझे हात चांगले होते ना.”

“मग?”

“म्हटलं, मी याहून चांगले पाहिले नाहीत.”

“खोटं सांगितलंस?”

“नाही.”

“मग काढलं कशाला?”

“नुसत्या हातांनी कोणी वर जात नाही, आजी.”

तू लिहिलंस का, असं मी सरळ विचारलं. ती म्हणाली, बरेच जण लिहितात, मीही लिहिलं. तेच लिहिलंस? हो. आणि ती रडायला लागली. मी म्हटलं, खरं लिहिलं असशील तर रडू नको, खोटं लिहिलं असशील तर गाडी वळव. ती रडत राहिली आणि गाडी सरळच चालवली. मी तिला रस्त्याकडे बघायला सांगितलं.

रात्री मी त्या शब्दाचाच विचार करत होते. रिलीज म्हणजे सोडलं. आमच्याकडे म्हातारा खंगून खंगून गेला की लोक म्हणतात, सुटला बिचारा. इथे तेवीस वर्षांचा, खांदे चोळून ठेवलेला, मऊ हातांचा पोरगा सोडतात, आणि तोच शब्द वापरतात.

दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हते, पण मला घरी कोण ठेवतंय. गेटवरच्या माणसाने सोलायची खूण केली. आत गेले तर त्याच्या जागेवर दुसरा पोरगा उभा होता. शर्टावरचा आकडासुद्धा तोच. नात माझ्या शेजारी येऊन बसली, मांडीवर तिचं यंत्र घेऊन. म्हणाली, याचं सीलिंग हाय आहे.

पहिलाच चेंडू त्याच्या पायांमधून निघून गेला. मला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याने मीच दचकले, कारण या पोराने माझं काहीच घेतलं नव्हतं. नातीची बोटं चालू झाली होती.

“हे नको लिहू. पहिला दिवस आहे त्याचा.”

“लिहावं लागतं, आजी.”

चेंडू आणायला तो आमच्या बाजूला धावत आला, आणि म्हातारी दिसली म्हणून हसून हात हलवला. चांगलं पोर असावं. माझ्या पिशवीत दशम्या होत्या. मी त्याच्या हातांकडे बघितलं नाही. पिशवीचं तोंड बंद केलं आणि वाल सोलत बसले.